काठी कुठल्या हातात

खुबा उजवा मोडला, म्हणून काठी उजव्या हातात धरली.
यात चुकलं काय?
शिवलीला हसली. बैलहोंगलची पोरगी, माझ्या धाकट्याच्या वयाची.
"काका, हात बदला," म्हणाली, "डावा."
दुखणं इकडं आणि आधार तिकडं!
उद्यमबागेत एकतीस वर्षं फिटर होतो मी,
टेकू कुठं लावायचा ते मला शिकवतेय.

चार दिवस ऐकलं नाही.
चार दिवस दवाखान्याच्या काचेत बघितलं:
लुमाण्णा मुतगेकर चालतोय
की एकाच बाजूला ऊस भरलेली गाडी.

पाचव्या दिवशी तिनं बोट टेकवलं सदऱ्यावर,
बेंबीच्या खाली, दोन बोटं.
"इथं आत तुमचं सगळं तूक गोळा होतं."
तूक म्हटलं तरी कळतं मला, वजन म्हटलं तरी.
पण अख्खा माणूस एका ठिपक्यात बसतो
हे कुणी सांगितलं नव्हतं,
मी आपला सगळीकडं सारखाच जड होतो.

लोखंडातला ठिपका माहीत होता म्हणा.
फाउंड्रीतून आलेलं भलंथोरलं कडं
साखळीनं उचलायचं तर आधी त्याचा मध्य शोधा,
आणि तो कड्यात नसायचाच.
मधल्या पोकळीत असायचा,
जिथं हात घातला तर हाताला काही लागत नाही.
"माणसाचंपण तसंच," ती म्हणाली,
"फार वाकलात की अंगाबाहेर जातो."

पडलो तेव्हा तेच झालं असणार.
वडगावच्या मोरीवर, खाली गेलेली चप्पल काढायला वाकलो:
मी काठावर
आणि माझा मध्य पलीकडं, गटारावर,
माझी वाट न बघता.

त्या रात्री झोप येईना. हौसा घोरत होती.
भिंतीकडं तोंड करून हिशेब मांडला.
खुबा म्हणजे खिळा.
खिळ्याच्या बाहेर चार बोटांवर थोडं मांस,
आतल्या बाजूला, त्याच्या दुप्पट लांब,
सगळं अंग लोंबतंय.
डावा पाय उचलला रे उचलला
की त्या एवढ्याशा मांसानं अख्खं धूड ओढून धरायचं,
आखूड पान्यानं गंजका नट सोडवल्यासारखं.
आणि डाव्या हातातली काठी?
खिळ्यापासून हातभर लांब.
अरे, लांब पाना!
नवीन पोरांवर मी हेच तर ओरडायचो:
जोर नको दाखवूस, लांबी घे,
पान्यावर पाइप चढव.
अंधारात एकटाच हसलो.
हौसा दचकून, "काय झालं हो?"
"नट सुटला," म्हटलं.

सकाळी काठी डाव्या हातात.
शिवलीला बघून न बघितल्यासारखं करते,
मोजते, ओंदु, एरडु,
मी पुटपुटतो तीन.
"चालणं म्हणजे पुढं पडणं, काका,
आणि दुसऱ्या पायानं वेळेत झेलणं."
म्हणजे बासष्ट वर्षं मी पडतच होतो की,
पाळीला, बाजाराला, पोरीच्या लग्नात
मांडवभर इकडून तिकडं,
आणि दर पावलाला कुणीतरी झेलत होतं
ज्याला मी कधी हाकसुद्धा मारली नाही.

काल विजार उभ्यानं घातली.
चार महिन्यांनी.
एक हात कपाटाला, मग तोही सोडला.
पायाची बोटं फरशी चाचपत होती,
तळव्याखाली काहीतरी सारखं
पळत होतं, टाचेकडं, अंगठ्याकडं, परत टाचेकडं.
बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, गप्प उभा आहे.

दारात हौसा,
दोन्ही हात अर्धे पुढं आलेले,
मागं गॅसवर दूध चढत होतं.
"दूध," म्हटलं.
ती हलली नाही.
दुसरा पाय अजून घालायचा होता.